पाटावरची अवजारे आणि त्यांचे धनी

आश्विन शुद्ध नवमीची सकाळ. घटाभोवतीचे धान्याचे अंकुर वीतभर उंच झालेले असतात, आठ माळा चढून गेलेल्या असतात आणि नववी परडीत वाट पाहत असते. अशा वेळी घरातील कर्ता पुरुष ओसरीवर एक पाट मांडतो आणि घरभर फिरून एकेक वस्तू त्यावर आणून ठेवू लागतो. विळी येते, कोयता येतो, अडकित्ता, करवत, हातोडी, पकड येते. शेतकऱ्याच्या घरी नांगराचा फाळ आणि कुळवाची पास येते, शिंप्याकडे कात्री आणि गज, लेखनिकाकडे दौत-लेखणी. जे पाटावर मावत नाही त्याला जागच्या जागी झेंडूची माळ पडते. खंडेनवमीचे हे पूजन मूळचे शस्त्रांचे; परंतु तलवारी माळ्यावर गेल्या त्यालाही आता पिढ्या लोटल्या, आणि ज्याच्या बळावर घर चालते ते शस्त्र, असा सरळ अर्थ आपल्या लोकांनी लावून टाकला आहे. हा अर्थ आम्हांस शास्त्रार्थाहून कमी मोलाचा वाटत नाही.

या पूजेचा एक भाग मात्र सहसा वर्णनांत येत नाही. तो आदल्या दिवशीचा असतो. आमच्या माहितीच्या घरांतून अष्टमीच्या दुपारी तेलाची बाटली, काथ्या, राख आणि जुनी फडकी यांचे साम्राज्य पसरलेले असे. कोयत्याचा गंज निघे, विळीचे सैल झालेले पाते ठोकून घट्ट होई, कुदळीला नवा दांडा बसे. ज्याची धार गेली आहे, ज्याचा खिळा निखळला आहे असे अवजार पाटावर ठेवण्याची घरातील वडीलधाऱ्यांना लाज वाटे. देवापुढे जशी भंगलेली मूर्ती ठेवीत नाहीत, तसेच हेही. गंधफुलाची पूजा नवमीला, पण हाताची पूजा अष्टमीलाच झालेली असे.

यंदा आम्ही घरात पाट मांडण्याचा विचार करू लागलो आणि अडलो. पाटावर ठेवण्याजोगे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक घरात आहे. पण त्यातील आपल्या हाताने उघडता येईल असे काय आहे, हा प्रश्न मनात आला आणि तो काही केल्या हटेना.

त्यास कारण घरचेच घडले. सहा वर्षे निमूटपणे चाललेले आमचे वॉशिंग मशीन भाद्रपदात बंद पडले. आमच्या पेठेत एक वृद्ध दुरुस्तीवाले आहेत. पंखा, मिक्सर, गिझर, पाण्याचा पंप, काय वाटेल ते त्यांच्या हातून गेली कित्येक वर्षे आमच्याकडे सुधारून निघाले आहे. त्यांनी मशीन उघडले, आतील कार्ड काढून खिडकीशी धरले आणि म्हणाले, "वहिनी, दोष सापडला. हा एक रिले जळालाय. वस्तू किरकोळ आहे. पण याच्यावर ही राळ ओतलीय बघा. मी हात कुठून घालू?" कार्ड खरोखरच पारदर्शक राळेत बुडविलेले होते, जणू अंबरात अडकलेला किडा. कंपनीच्या सेवाकेंद्राला कळविले तेव्हा तेथून आलेल्या तरुणाने रिलेचे नावही काढले नाही. संपूर्ण कार्ड बदलावे लागेल, त्याची किंमत नव्या मशीनच्या निम्म्याच्या घरात जाईल, आणि हे मॉडेल बंद झाल्यामुळे ते मिळेलच असे नाही, एवढे सांगून नव्या मशीनचे रंगीत पत्रक ठेवून तो गेला. न्यायाने सांगितले पाहिजे की, ओलाव्यापासून रक्षण व्हावे म्हणूनही कार्डावर राळ ओततात, आणि पाण्याच्या यंत्रात ते कारण खोटे नाही. तथापि ज्या राळेने ओल आत जात नाही त्याच राळेने दुरुस्तीवाल्याचा हातही आत जात नाही, ही गोष्ट कारखानदाराच्या गैरसोयीची ठरली आहे असे दिसत नाही.

आमच्याच घरात कोपऱ्यात आजीचे शिवणयंत्र आहे. त्याच्या खणात आजही एक लहानसा स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची पत्र्याची कुपी आणि मळकट झालेली माहितीपुस्तिका आहे. कोणत्या छिद्रात तेल सोडावे, बॉबिनची केस कशी काढावी, धाग्याचा ताण कमीअधिक कसा करावा, हे सारे तीत चित्रांसह दिलेले आहे. या वस्तू आजीने बाजारातून आणलेल्या नव्हेत. त्या यंत्राबरोबरच आल्या. म्हणजे विकणारा स्वतःच सांगत होता की बाई, हे आता तुमचे, बिघडले तर असे उघडा. जुन्या रेडिओंच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर वा पेटीच्या आत पुष्कळदा मंडलाचा नकाशा चिकटविलेला असे. कोणती व्हॉल्व्ह कोठे, ते त्यावरून कोणाही जाणकाराला उमगावे. त्या काळच्या व्यापाऱ्यांना नफा नको होता असे नव्हे. परंतु विकलेली वस्तू विकली गेली, एवढे त्यांना मान्य होते.

आणखी एक उदाहरण देवघराजवळचे आहे. वारकऱ्याचा पखवाज पाहावा. त्याच्या डाव्या अंगाच्या धुमेवर वाजविण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापतात. कणीक किती, कशी, हे प्रत्येक वादकाचा कान ठरवितो. भजन संपले की ती खरवडून टाकायची. उजव्या पुडीची शाई, दोन्ही तोंडांना ताणून धरणाऱ्या चामड्याच्या वाद्या, वाद्यांखाली सरकविलेले लाकडी गठ्ठे, सारे काही उघड्यावर आहे. सूर उतरला की वादक हातोडीने गठ्ठा ठोकतो, पुडी फाटली की नवी चढवून घेतो, आणि खोड तेच ठेवून एकच पखवाज आजोबांकडून नातवाकडे जातो. वीणेची तार तुटली तर कीर्तन थांबत नाही. जवळ दुसरी तार असते आणि ती चढविणारे बोटही असते. आषाढीच्या वाटेवर, भर पावसात, ज्या वस्तूंवर नामाचा गजर अवलंबून आहे त्या सगळ्या वाटेतच दुरुस्त होण्याजोग्या असाव्यात हा केवळ योगायोग नव्हे. शेकडो वर्षांच्या पायी प्रवासाने त्यांना तसे घडविले आहे.

गावगाड्यातही हेच सूत्र होते. लोहार आणि सुतार हे बलुतेदार. फाळ पाजवून द्यायचा, तिफणीचा फण बदलायचा, गाडीच्या चाकाची धाव तापवून चढवायची, ही कामे ते सालभर करीत, आणि सुगीला खळ्यावरून त्यांचे धान्य घेऊन जात. दर खेपेचा पैसा नव्हता. त्यामुळे अवजार टिकले तर लोहाराचे श्रम वाचत, वारंवार मोडले तर त्याचीच दमछाक होई. दुरुस्ती करणाराचे हित टिकाऊपणात गुंतलेले होते. आज ते नव्या विक्रीत गुंतलेले आहे, आणि सगळा फरक तेथे आहे. बलुत्याच्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा मानस नाही. जातीने बांधलेला तो धंदा होता, कोणाला किती द्यायचे ते देणाराच्या मर्जीवर असे, आणि गावकीच्या कामाखाली भरडल्या गेलेल्यांचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. ती व्यवस्था गेली हे उत्तमच झाले. परंतु तिच्याबरोबर भात्याशेजारी बसून, ऐरणीवर आपलाच फाळ ठोकला जाताना पाहण्याचा शेतकऱ्याचा हक्कही गेला असेल, तर तो मात्र परत मागितला पाहिजे.

हा हक्क मागण्याची वेळ प्रथम कोणावर आली असेल तर ती अमेरिकेतील शेतकऱ्यांवर. तेथील ट्रॅक्टर व कापणीयंत्रे आता निव्वळ लोखंडाची राहिलेली नाहीत. ठिकठिकाणी संवेदक बसविलेले असतात, त्यांचे निरोप संगणकीय नियंत्रकांकडे जातात, आणि एखाद्या संवेदकाने कुरकुर केली की नियंत्रक इंजिनाची शक्ती आपणहून कमी करून टाकतो. बिघडलेला भाग शेतकऱ्याने स्वतः बदलला तरी पुष्कळदा नियंत्रक तो ओळखत नाही. त्याची ओळख पटवून देणारी आज्ञावली विक्रेत्याच्या माणसाकडेच असते. तो येईपर्यंत उभे पीक शेतात, आभाळ भरून आलेले, आणि लाखमोलाचे यंत्र बांधावर मुके उभे. काही शेतकऱ्यांनी तर हताश होऊन युक्रेनमधून चोरवाटेने आलेल्या आज्ञावल्या मिळवून आपले ट्रॅक्टर उघडले, अशी वृत्ते २०१७ साली प्रसिद्ध झाली होती. स्वतःच्या वस्तूचे कुलूप फोडावे लागलेला धनी, असा हा प्रकार.

यातील सर्वांत उद्बोधक गोष्ट २०१५ सालची आहे. वाहनांतील आज्ञावली उघडण्याची मुभा मालकांना द्यावी की नाही, याची सुनावणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे चालली होती. तेव्हा जॉन डिअर या ट्रॅक्टरच्या विख्यात कंपनीने आपल्या निवेदनात असा पक्ष मांडला की, खरेदीदारास मिळतो तो वाहनाच्या आयुष्यभर ते चालविण्याचा एक गर्भित परवाना. ट्रॅक्टर शेतकऱ्याचा खरा, पण त्याला चालविणारी बुद्धी कंपनीची. शेतकरी तिचा परवानाधारक. त्या वर्षअखेर मालकांना काही मुभा मिळाली, परंतु तो शब्द लोकांच्या मनात रुतून बसला. घरची सारी पुंजी घालून आणि कर्ज काढून घेतलेल्या वस्तूचे आपण धनी नसून परवानाधारक आहोत, हे ज्याला एके सकाळी कळते त्याची काय अवस्था होत असेल!

येथे विराटपर्वाची आठवण येणे अपरिहार्य आहे, कारण दसऱ्याचा आणि शमीचा संबंध त्या कथेशी जोडलेला आहे. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या आणि स्मशानाजवळच्या शमीवर शस्त्रे बांधून ठेवली. वर्ष सरत आले, कौरवांनी गायी वळविल्या, आणि बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने उत्तराकडून ती खाली काढवून गांडीवाला स्वतः प्रत्यंचा चढविली. आता गांडीव हे धनुष्य कोणाचे? ते निर्मिले ब्रह्मदेवाने. खांडववनाच्या प्रसंगी अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने ते अर्जुनास दिले. महाप्रस्थानाच्या वेळी अग्नीने ते परत मागितले आणि अर्जुनाने ते पाण्यात सोडून वरुणास परत केले. म्हणजे कोणी चिकित्सक म्हणेल की, गांडीवही एका अर्थी परवान्यावरच होते. असेल. परंतु ते हाती असेपर्यंत त्याची प्रत्यंचा उतरविण्यास वा चढविण्यास अर्जुनाला वरुणाचा दूत येण्याची वाट पाहावी लागली नाही. देवांनीही देताना एवढा उदारपणा राखला होता.

असो. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मोटारींच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ सालीच दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने सुमारे ८६ टक्के मते दिली होती. शेतीयंत्रांसाठी असा कायदा प्रथम कोलोरॅडो राज्याने २०२३ साली केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला. त्याच सुमारास, जानेवारी २०२३ मध्ये, जॉन डिअरने शेतकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेशी एक करार करून काही साधने व माहिती देण्याचे मान्य केले. त्याच्या बदल्यात संघटनेने अशा कायद्यांचा पुरस्कार करू नये, असे कलमही त्यात होते. दिले ते एका हाताने, बांधले ते दुसऱ्या. जानेवारी २०२५ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांसह या कंपनीला न्यायालयात खेचले. सुटा भाग विशिष्ट यंत्राशी गुप्त खुणेने जखडून टाकण्याची जी नवी युक्ती आहे, तिला ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्याने आळा घातला. फ्रान्समध्ये २०२१ साली वॉशिंग मशीन, भ्रमणध्वनी अशा काही वस्तूंवर ती कितपत दुरुस्त होऊ शकते याचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. आणि युरोपीय संघाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे वॉशिंग मशीनचे सुटे भाग शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान दहा वर्षे मिळाले पाहिजेत. दहा वर्षे! आमच्या मशीनला सहावे वर्ष होते.

आपल्या देशातही हा विषय अगदीच दुर्लक्षित आहे असे नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने या कंपन्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांच्या हाती पडू देत नाहीत, आणि बाहेर दुरुस्ती केल्यास हमी रद्द होईल असा धाक ग्राहकास घालतात, हा आयोगाचा आक्षेप होता. पुढे अपिले झाली. मोठ्या दंडाच्या प्रकरणांत ती व्हायचीच. परंतु एकदा गाडी विकल्यावर तिच्या सुट्या भागांच्या बाजारात ती ती कंपनी एकटीच राजा असते, ही गोष्ट त्या निर्णयाने कागदावर आली. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची यंत्रे, भ्रमणध्वनी व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने निवडली. समितीच्या यादीत शेतीची यंत्रे असावीत, ही समाधानाची गोष्ट होय. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एके ठिकाणी मिळावी म्हणून सरकारने संगणकीय दालनही उघडले.

आमच्याकडचा जुना ट्रॅक्टर अजून गावच्या फिटरला दाद देतो. भर शेतात, बाभळीच्या सावलीत, पोते अंथरून इंजिन उतरविणारे कसबी हात महाराष्ट्रात तालुक्यातालुक्याला आहेत. परंतु ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले, आणि ते पाळण्यासाठी इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण शिरले. निकष योग्यच आहेत; धूर कोणाच्याच हिताचा नाही. पण त्या नियंत्रणाची किल्ली गावच्या फिटरला मिळणार की नाही, हे आत्ताच विचारावयास हवे. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी हा प्रश्न यंत्रे घेऊन बसल्यावर विचारला. आपल्याला अजून थोडा अवधी आहे.

कंपन्यांची बाजू सर्वस्वी टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. मायक्रोवेव्ह ओव्हन बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युद्भार राहू शकतो. लिथियमची बॅटरी चुकीच्या हाताने भोसकली गेली तर पेट घेते. चोरलेल्या भ्रमणध्वनींचे भाग बाजारात खपू नयेत, ही चिंताही खरी आहे. परंतु यावरचा उपाय म्हणून माहिती दडविणे हे आम्हांस विचित्र वाटते. विजेचा धोका काही आज निर्माण झाला नाही. त्यासाठी तारतंत्र्यांना शिक्षण देऊन परवाने देण्याची पद्धत आपण केव्हाच स्वीकारली. धोका आहे म्हणून शिकवावे, की धोका आहे म्हणून कोणालाच शिकू देऊ नये? शिवाय ज्या कंपन्या सुरक्षिततेची एवढी काळजी वाहतात, त्यांना जुनी मशीने भंगारात गेल्यावर ती उघड्या हातांनी फोडणाऱ्यांच्या सुरक्षिततेची तितकीच काळजी दिसत नाही.

आपल्या धर्मजीवनात जीर्णोद्धार हा शब्द किती आदराने उच्चारला जातो! अहिल्यादेवी होळकरांचे नाव देशभर घेतले जाते ते मुख्यतः पडलेले उभे केल्याबद्दल. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांना हात लावला. पंढरीच्या विठ्ठलमूर्तीलाही झीज थांबविण्यासाठी वज्रलेप केला गेला आहे. झिजली म्हणून ती बदलावी असे कोणा भाविकाच्या मनातही येणार नाही. नित्य हाताळलेल्या वस्तूची झीज ही आपल्याकडे सेवेची खूण मानली जाते. मग घरातील यंत्राच्याच बाबतीत, झिजले की फेकून नवे आणा, ही शिकवण आपण इतक्या लवकर का पत्करली? पूर्वी दसऱ्याच्या आधी दारावर कल्हईवाला येई. अंगणात खड्डा करून तो भाता लावी. पितळी पातेल्यात नवसागर आणि कथिल पडले की फडक्याच्या एका फेऱ्यात काळवंडलेले भांडे चांदीसारखे होई, आणि पोरे भान हरपून पाहत बसत. पातेले तेच राही, आईच्या हातचे. त्या पोरांपैकी आम्हीही एक होतो, आणि वस्तू सुधारते हा विश्वास आम्हांस तेथेच बसला.

दसरा हा मुहूर्तांपैकी एक मानला जातो, आणि या दिवशी घराघरांत नवी वस्तू येते. येऊ द्यावी. परंतु आमच्या वाचकांनी यंदा दुकानात उभे असताना किमतीच्या आणि सुटीच्या प्रश्नांबरोबर आणखी दोन विचारावेत: याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील, आणि आमच्या पेठेतील माणसाला हे उघडता येईल काय? दुकानदार गोंधळेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो वरच्याला विचारील.

अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही त्या वृद्ध दुरुस्तीवाल्यांच्या दुकानावरून गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी पुढचे फळकूट धुऊन काढले होते आणि उद्याच्या पूजेसाठी मांडामांड चालू होती. सोल्डरिंगची कांडी, टेस्टर, पकडी, लहानमोठे पाने, मूठ झिजलेला एक स्क्रू-ड्रायव्हर, सारे पुसून ओळीने लावलेले. शेजारी झेंडूची पुडी. आणि त्या ओळीच्या टोकाला आमच्या मशीनचे राळेत बुडालेले कार्ड. एका कोपऱ्यातील राळ त्यांनी रुपयाएवढी खरवडून काढली होती. तापविलेल्या पात्याने, हळूहळू, तीन संध्याकाळी बसून. "रिलेचे पाय दिसायला लागलेत," ते चष्मा वर करून म्हणाले. "उद्या याला काम सांगायचं नाही. परवा सोनं द्यायला येईन, तेव्हा घेऊन येतो. लागलं तर लागलं."

आम्ही खिशातले पाकीट काढू लागलो तेव्हा त्यांनी हातानेच थांबविले आणि पुडीतली दोन फुले उचलून एक स्क्रू-ड्रायव्हरवर ठेवले, एक कार्डावर.